नाव घातलेला पेला

टीव्हीवर खऱ्या माणसांचे जे कार्यक्रम असतात, त्यांचे मी चार प्रकार पाडले होते. पहिल्यात माणसांनी काहीतरी करून दाखवायचं असतं. गाणं, नाच, स्वयंपाक. दुसऱ्यात त्यांना बंगल्यात नाहीतर बेटावर कोंडतात आणि भांडणाची वाट बघतात. तिसऱ्यात कोणाचं तरी घर, वजन किंवा संसार सुधारायला बाहेरून माणूस येतो. चौथ्यात काहीच घडत नाही. हा चौथा प्रकार आपल्याकडं अजून आलेला नाही. नॉर्वेत एका आगगाडीच्या तोंडाशी कॅमेरा लावला आणि सगळा प्रवास, बोगद्यांतल्या अंधारासकट, जसाच्या तसा दाखवला. लोकांनी तो बसून पाहिला. माझी लेक म्हणाली, "आई, हे तुझ्यासाठीच बनवलंय. गाडी वेळेवर पोचते."

मी वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. काय आलं, काय गेलं, कुठल्या फळीवर आहे हे सांगण्याचा मला पगार मिळतो, त्यामुळं घरीही मी कशाचेही गट पाडते. लेक कॉलेजात गेल्यापासून गारखेड्याच्या आमच्या घरात जेवणं झाली की नवरा, ती आणि मी टीव्हीसमोर बसायचो आणि ती देशोदेशीचे असले कार्यक्रम शोधून लावायची. जपानात लहानशा पोराला एकट्यालाच दुकानातून सामान आणायला पाठवतात आणि कॅमेरेवाले झाडाआड लपतात. इंग्रजांचा एक तंबूतला केकचा कार्यक्रम आहे, त्यात हरलेल्याला जिंकलेलेच मिठ्या मारतात. अमेरिकेत घरभर अडगळ साठवणाऱ्यांचा आहे. त्याचा मी एकही भाग सोडला नाही. कुठं जंगलात एकट्या सोडलेल्या माणसानं स्वतःच स्वतःचं चित्रण करायचं, कुठं न पाहिलेल्या माणसाशी भिंतीआडून बोलून लग्न ठरवायचं.

यात माझं काम एकच असायचं, खोटेपणा पकडणं. "ही रडत नाहीये," मी सांगायची, "नाक बघा, कोरडं आहे." नवरा शाळेत शिक्षक आहे. तो म्हणायचा, "तुला परीक्षक म्हणून बोलवायला पायजे होतं. एक पण पास झाला नसता." मला ते आवडायचं. कॅमेऱ्यासमोर माणूस फार काळ सोंग करू शकत नाही, आत काय आहे ते कधीतरी बाहेर येतंच, असं माझं ठाम मत होतं. अजूनही आहे.

मग लेकीनं माझ्या नावानं एक अर्ज भरून टाकला. मुंबईच्या एका वाहिनीनं बाहेरच्या देशातून कल्पना आणली होती. एका बाईनं आपल्याच शहरातल्या अशा घरी चार दिवस पाहुणी म्हणून राहायचं, जिथं ती एरवी कधी गेली नसती. नंतर त्या घरच्या बाईनं हिच्याकडं चार दिवस यायचं. लिहिलेले संवाद नाहीत, स्पर्धा नाही, बक्षीस नाही. माझ्या प्रकारांत हा कार्यक्रम कुठं बसतो ते मला कळेना, त्यामुळंच मी होकार दिला असेन. फोनवर मुलाखत झाली. वाहिनीच्या मुलीनं विचारलं, "तुम्हाला कुठल्या घरी जायला आवडणार नाही?" मी म्हणाले, "कुठल्याही घरी जाईन. माणूस तो माणूसच. मला काही फरक पडत नाही."

ते बोलताना मला माझा आवाज चांगला वाटला होता.

घर शहागंजमधलं निघालं. खाली गाद्या-रजयांचं दुकान, अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या आधीपासूनचं, आणि वर राहणं. नवरा-बायको आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली. बाई माझ्याच वयाची, अंगानं भरलेली, बोलायला चपळ. ती मला "ताई" म्हणायला लागली आणि मी तिला "भाभी".

ज्या कार्यक्रमात काहीही ठरवलेलं नसतं त्याचं चित्रण कसं होतं, हे मी तिथं पाहिलं. जिना चढून दारात येण्याचं दृश्य चार-पाच वेळा झालं. एकदा खालून हातगाडी गेली, एकदा माझा पदर माइकवर आला. कानाला हेडफोन लावलेली ती वाहिनीची मुलगी प्रत्येक वेळी म्हणायची, "मॅडम, एकदाच परत. फक्त थोडं नैसर्गिक." भाभीला दर वेळी दार उघडून आश्चर्यानं "आवो, आवो" म्हणायचं होतं. चौथ्या खेपेला ती मला हळूच म्हणाली, "ताई, अब तो तुमना देखके सच्ची में कंटाळा आ रहा." माइक चालू होते. सगळे हसले. ते मात्र त्यांनी कुठं दाखवलं नाही.

मग बसलो. भाभीनं ट्रेमध्ये पाणी आणलं, गुलाबाची फुलं छापलेल्या काचेच्या ग्लासात. मी ग्लास घेतला. दुसऱ्या हातानं बॅगची चेन उघडून माझा स्टीलचा पेला काढला, तिच्या ग्लासातलं पाणी त्यात ओतलं आणि प्यायले. रिकामा ग्लास ट्रेमध्ये ठेवला. भाभी बघत होती. ती म्हणाली, "अच्छा है. स्टील में ठंडा रहता होगा."

"हो ना," मी म्हणाले.

हे दृश्य परत घ्यायची कोणाला गरज पडली नाही.

ते चार दिवस चांगले गेले, हे मी आज कोणाला सांगितलं तर सारवासारव वाटेल, पण गेले. मी त्यांच्यातच, जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर बसून जेवले, त्यांच्या ताटांत, त्यांच्या हातची वांगी आणि डाळ. माझ्यासाठी त्या चार दिवसांत घरात मटण शिजलं नाही, आणि मुलींनी त्याबद्दल माझ्यादेखत आईशी हुज्जत घातली. दुकानात मी रजईत कापूस पसरायला, मोठ्या सुईनं टाके घालायला शिकले. माझे टाके बघून भाभी म्हणाली, "ये रजई ओढके जो सोएगा उसकू रस्ता मिल जाएगा, इतनी सीधी लाइन है." मी तिच्या मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. ती म्हणाली, "नमक पे बी?" मी म्हणाले, "साखर समजून कोणी घालू नये म्हणून." ती म्हणाली, "बीस साल में तो किसी ने नै डाला. अब तुम्हारी चिठ्ठी पढने में डालेंगे."

तिलाही टीव्हीचं वेड होतं. गाण्याच्या स्पर्धेत हरणाऱ्या पोरांसाठी ती खरंच रडायची. बंगल्यात कोंडतात तो कार्यक्रम तिला सगळ्यात आवडायचा. "क्यूं की उधर किसी कू बाज़ार नै जाना पडता," ती म्हणाली. मी तिला माझे चार प्रकार सांगितले. चौथ्या प्रकारातल्या आगगाडीवर तिचा विश्वास बसेना. "कुछ बी नै होता? सच्ची? मेरेकू दिखाना वो." मी म्हणाले, "तुम्ही माझ्याकडं याल तेव्हा दाखवते." पाणी मात्र मी त्या चारही दिवसांत माझ्या पेल्यातून प्यायले. दर वेळी ओतून. निघताना तिनं मला एक लहानशी रजई दिली, जांभळ्या कापडाची.

कार्यक्रम लागायचा होता त्या संध्याकाळी मी घरी पोहे केले, खुर्च्या लावल्या, शेजारच्या वहिनींना बोलावलं. सुरुवातीलाच माझा फोनवरचा आवाज आला: कुठल्याही घरी जाईन, माणूस तो माणूसच, मला काही फरक पडत नाही. आणि त्या आवाजावर माझा हात, बॅगची चेन, पेला. संगीत थांबलं. पाणी ओतलं जात होतं, संथ, रंग काढून टाकलेलं. मग पेल्यावर कॅमेरा इतका जवळ गेला की त्यावर ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं नाव वाचता आलं. लग्नात आईनं भांड्यांवर नाव घालून दिलं होतं, सगळ्यांच्या आया देतात तसं. मग भाभीचा चेहरा. मग परत पेला. जाहिरातीच्या आधी आणि नंतरही.

नवरा पोह्यांची बशी हातात धरून बसला होता. लेक माझ्याकडं बघत नव्हती. शेजारच्या वहिनी मनापासून म्हणाल्या, "बरं केलंत, पेला नेला ते. मी बी नेला असता. उगं कशाला."

मला कोणी शिवी दिली असती तर मी भांडले असते. हे त्या कौतुकानं म्हणाल्या होत्या आणि मला त्यांच्याशी भांडायला काहीच जागा नव्हती. मी त्यांना आणखी पोहे वाढले.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातही तसंच. दोघं-तिघं टोमणे मारून गेले, "मॅडम, पेला आणला का," आणि त्याहून जास्त जण बाजूला घेऊन शाबासकी दिल्यासारखं बोलले. स्टोअरमध्ये माझ्याबरोबर इतकी वर्षं काम करणारा एक मुसलमान सहकारी आहे. आमचा चहा रोज एका थर्मासातून होतो. त्या दिवशी त्यानं सगळी कामं चोख केली आणि चहाच्या वेळी बाहेर गेला.

घरी मी माझी बाजू मांडली. कॅन्टीनच्या ग्लासांना तेलाचा वास येतो म्हणून माझ्या खणात स्वतःचा पेला असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. मला काचेतून पाणी प्यायल्यासारखं वाटत नाही. मी त्यांच्या ताटात जेवले, ते का नाही दाखवलं? लेक ऐकून घेत होती.

"आई, पुण्याला मामाकडं आठ दिवस राहिलो. तिथं सगळे काचेचे ग्लास आहेत. तेव्हा पेला कुठं नेला होतास?"

"तेव्हा विसरले असेन."

"तू?" ती म्हणाली. "तू विसरलीस?"

मी वाहिनीच्या मुलीला फोन केला. चार दिवसांतलं नेमकं तेवढंच कसं काढलंत, म्हणून तिला सुनावलं. ती उद्धट नव्हती. म्हणाली, "मॅडम, बाकीचं सगळं आम्ही तुमच्याकडून परत परत करून घेतलं. ते एकच आम्ही सांगितलं नव्हतं." मग तिनं कळवलं की शहागंजच्या घरानं पुढच्या चार दिवसांना नकार दिलाय, त्यामुळं दुसरा भाग होणार नाही.

मी खोटेपणा पकडण्यात हुशार होते. त्यामुळं मी तेच केलं, बसून आठवलं. प्रवासाची बॅग भरताना माझी एक पद्धत आहे: जी वस्तू सगळ्यात आधी लागणार ती सगळ्यात वर. कपडे खाली, मग टॉवेल, मग औषधं. आणि पेला वर होता. शहागंजच्या त्या जिन्यावर चढण्याआधीच, ते घर कसं आहे, ती बाई कशी आहे हे काहीही माहीत नसताना, मला आधी काय लागणार हे मी ठरवून ठेवलं होतं. जिना चढून गेल्यावर परत त्याचा विचारही केला नव्हता. हात सरळ गेला.

मला भाभीची भीती वाटायला लागली. तिचा फोन येईल म्हणून, आणि येणार नाही म्हणूनही. जांभळी रजई मी कपाटात ठेवली होती. थंडी पडली तरी ती काढायला हात होईना.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी मी शहागंजला गेले. दुकानात भाभीचा नवरा एकटाच होता. अदबीनं उठला, खुर्ची पुसून दिली. भाभी माहेरी गेली होती, जालन्याला. मी म्हणाले, "मला माफी मागायची होती."

"अरे नै नै, टीवी वाले तो ऐसे ही करते," तो म्हणाला आणि समोरच्या हॉटेलातून चहा मागवला. त्याच्यासाठी काचेच्या ग्लासात आला, माझ्यासाठी कागदी कपात. माझी नजर तिकडं गेलेली त्यानं पाहिली. "आप के वास्ते कागज़ का बोला मैं," तो म्हणाला. "आप कू मुश्किल नक्को."

तो टोमणा होता की काळजी, हे मला त्याच्या तोंडावरून ओळखता आलं नाही. इतकी वर्षं इतके चेहरे ओळखणारी मी. चहा गोड होता. मी तो संपवला आणि कप हातात घेऊनच बाहेर पडले, कारण तिथं ठेवायची लाज वाटली.

त्यानंतर महिन्याभरानं, रविवारी दुपारच्या वेळी, भाभी आमच्या दारात उभी राहिली. रिक्षानं एकटीच आली होती. न कळवता. मी दार उघडलं आणि दारातच उभी राहिले. ती म्हणाली, "आवो आवो बोलना पडता ताई. चार बार करके दिखाई थी ना मैं."

नवऱ्यानं तिला बसायला सांगितलं, मुलींची चौकशी केली आणि आत गेला. लेकीनं ट्रेमध्ये पाणी आणलं. आमच्याकडं पाहुण्यांसाठी काचेचे ग्लास आहेत. भाभीनं एक ग्लास घेतला. दुसऱ्या हातानं पर्स उघडली, रुमालात गुंडाळलेला स्टीलचा पेला काढला, आमच्या ग्लासातलं पाणी त्यात ओतलं आणि प्यायली. रिकामा ग्लास ट्रेमध्ये ठेवला. पेल्यावर उर्दू अक्षरांत, ठिपक्याठिपक्यांनी नाव होतं.

"हौ," ती म्हणाली. "ठंडा रहता."

लेक ट्रे धरून तशीच उभी होती. भाभीनं आम्हा दोघींकडं पाहिलं. "हसो की. क्यामेरा नै है."

लेक थोडी हसली. मला जमलं नाही. भाभीचंही हसू मग गेलं. पेला मांडीवर घेऊन ती बसली आणि म्हणाली, "एक बात पूछना था, उसके वास्ते आई मैं. किसी ने बोला था क्या तुमना, लेके जाव बोलके? सास ने, ननंद ने? बोलते लोगां. हमारे में बी बोलते."

ती मला वाट काढून देत होती. सासूबाई जाऊन वर्षं झाली, त्यांना विचारायला कोणी जाणार नव्हतं. नणंद परभणीला असते. हो म्हटलं असतं तर तिच्यापर्यंत कधी पोचलंही नसतं. भाभीला ते पुरलं असतं. मला वाटतं, ती तेच ऐकायला आली होती.

"नाही," मी म्हणाले. "कोणीच नाही सांगितलं. मीच ठेवला. वर ठेवला होता."

वर म्हणजे काय हे तिला कळलं नसणार. पण तिनं विचारलं नाही. ती बराच वेळ पेल्यावरच्या नावावरून अंगठा फिरवत राहिली.

"ये अम्मी का नाम है," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "चाय रखो."

मी चहा टाकला. साखरेचा डबा समोर, चिठ्ठीसकट, आणि मी तो शोधत होते. बाहेरून तिचा आवाज आला, "वो रेलगाडी वाला लगा बेटी. तेरी अम्मी बोली थी दिखाती बोलके." लेकीनं लावला. चहा घेऊन मी बाहेर आले तेव्हा पडद्यावर बर्फ होता आणि त्यातून रूळ येत होते. भाभीनं आमचा कप उचलला, बशीत चहा ओतला आणि फुंकर मारून प्यायली. टोस्ट बुडवून खाल्ला. दुसरा कपही घेतला.

बोगदा आला. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला.

"अब?" तिनं विचारलं.

"काही नाही," लेक म्हणाली. "थांबायचं."

"अच्छा."

आम्ही थांबलो. गाडी बाहेर आली, पुन्हा बर्फ. भाभी म्हणाली, ह्या लोकांना रजया विकायला पायजेत. लेक मोकळेपणानं हसली, आतून नवराही हसलेला ऐकू आला. तशी ती पाऊण एक तास बसली असेल. मुलींच्या शाळेचं, कापसाच्या भावाचं, गाण्याच्या कार्यक्रमात यंदा कोण जिंकणार त्याचं बोलणं झालं. मध्ये तिला तहान लागली. टीपॉयवर तांब्या होता, काचेचे ग्लास होते. तिनं तांब्यातलं पाणी स्वतःच्या पेल्यात घेतलं.

उठताना तिनं पेला पदरानं पुसला, रुमालात गुंडाळला आणि पर्समध्ये ठेवला. मी रिक्षापर्यंत गेले. ती म्हणाली, "आती मैं फिर. वो गाडी पोंचती कब, देखना है."

"या," मी म्हणाले. पुढच्या वेळी पेला आणू नका, असं मला म्हणता आलं नाही.